पोर एकली शे

आई,

तू गेल्यावर दोन-अडीच वर्षांनी मी तुझ्यावर एक नाटक केलं. नाटक कसलं, पाऊण तासाची एकांकिका. हे ऐकून तुला आधी हसू आलं असतं आणि मग तू म्हणाली असतीस, "माझ्यात काय आहे बघण्यासारखं?" आमच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या एकाने तेव्हा हेच विचारलं होतं, जरा सभ्य शब्दांत. आज इतक्या वर्षांनी ते सगळं तुला सांगावंसं वाटतंय, कारण परवा कॉलेजमधली एक मुलगी त्या नाटकासाठी घरी आली होती आणि ती गेल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. पण ते नंतर. आधीचं आधी सांगते.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या आपल्या खोलीत संध्याकाळ कशी व्हायची ते आठवतं. तू धर्मशाळेतून परतलेली असायचीस. दहाव्याला, अस्थी घेऊन लांबून आलेल्या लोकांच्या पंगतींसाठी तू सकाळपासून पोळ्या लाटलेल्या असायच्या, आणि कितीही हात धुतलेस तरी कोपराशी पिठाची एक पांढरी रेघ राहायचीच. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून यायचे, रॉकेलने हात चोळायचे, मग साबणाने. तू चहा ठेवायचीस आणि तुमचं बोलणं सुरू व्हायचं. तुमचं म्हणजे सटाण्याकडचं, अहिराणी. माझ्याशी तू कधी त्यात बोलली नाहीस. माझ्याशी तू शाळेसारखं बोलायचीस, जरा सावकाश, शब्द तपासून. नानांकडे तोंड वळवलंस की तुझा आवाज खाली जायचा आणि भराभर वाहायला लागायचा. मी शेजारीच गृहपाठ करत बसलेली असायचे, पण शेजारच्या घरातला रेडिओ जसा ऐकू येऊनही ऐकू येत नाही, तसं ते होतं. त्यातलं मला फक्त 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'नही' म्हणजे 'नाही' एवढंच कळायचं.

एकदा मात्र मी त्यात शिरायला गेले. दुसरीत असेन. शाळेतून येते, दप्तर टाकते आणि मोठ्या हौसेने म्हणते, "माय, काय शे खावाले?" नाना घरीच आहेत, ते खदाखदा हसतात. तू हसत नाहीस. तू लाटणं खाली ठेवतेस. "आई म्हणायचं," तू म्हणतेस. "ते आमचं बोलणं आहे. तुझं नाही. तू नीट बोल." मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. पण मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही. पुढे मोठी झाल्यावर माझं मीच समजून घेतलं की शाळेत पोरीला कुणी हसू नये म्हणून तू तसं केलंस. सटाण्याहून मावशी आली की तीही हेच सांगायची, तुझ्याच तोंडचं ऐकून.

तू गेलीस तेव्हा मी नुकती सहकारी बँकेत लागले होते. कावीळ म्हणून दवाखान्यात नेलं, आणि पुढे ती कावीळ नुसती कावीळ राहिली नाही. त्या शेवटच्या दिवसाबद्दल मी इथे थोडंच लिहिते, कारण त्याचं बाकीचं मला फार नंतर कळलं. मला ठाऊक होतं ते एवढंच: मी घरी होते, रात्री नानाही घरी आले, हातपाय धुऊन न बोलता पडले, आणि पहाटे दवाखान्यातून माणूस बोलवायला आला तेव्हा तुझ्याजवळ आपल्यातलं कुणी नव्हतं. नाना का आले घरी, हे मी त्यांना विचारलं नाही. दमले असतील, असं म्हणून सोडून दिलं. पण खरं तर ते सुटलं नव्हतं. मी त्यांना ताट वाढायचे, कपडे काढून ठेवायचे, आणि त्यांच्याकडे सरळ बघायचे नाही.

तुझा दहावा त्याच धर्मशाळेत झाला. तुझ्याबरोबरच्या बायकांनी पैसे घेतले नाहीत. त्यांनीच स्वयंपाक केला, त्यांनीच वाढलं. मी पानावर बसले, पोळी मोडली आणि माझ्या मनात आलं की ही जाड आहे, कडेला कच्ची आहे, आईची अशी नसते. ते मनात आलं आणि मी ती सगळी पोळी खाल्ली. वाढणारी बाई म्हणाली, "रडून घे गं बाई, नाहीतर ते आत राहतं." मला रडू आलं नाही. दिवसांमागून दिवस गेले तरी आलं नाही. नानांचं निराळंच झालं. ते बोलायचेच थांबले. रागाने नाही, दुःखानेही नाही म्हणता येणार. माझ्याशी चार कामाची वाक्यं बोलायचे आणि मग ओठ नुसते हलत राहायचे. ज्या भाषेत ते बोलत होते ती बोलायला घरात कुणी उरलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

बँकेतल्या आमच्या काही जणांचा नाटकाचा ग्रुप होता. मी त्यात प्रॉम्प्टिंग करायचे, साड्यांना इस्त्री करायचे. त्या वर्षी स्पर्धेसाठी संहिता मिळेना, तेव्हा मी म्हणाले, मी लिहून बघते. का म्हणाले कोण जाणे. रोज बँकेतून आल्यावर लिहायला बसायचे. लिहिताना तू समोर असायचीस, म्हणजे चांगली बसलेली, पदराने गळा पुसणारी. पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा, तुझ्या एका साध्या वाक्यावर: "डबा विसरू नको." मी ते कागदावर लिहिलं आणि मग बराच वेळ पुढे काही लिहिता आलं नाही. त्यानंतर रोज थोडं लिहायचे, थोडं रडायचे. शेवटच्या प्रसंगात मी तुला दवाखान्यात लेकीशी खूप बोलायला लावलं. जे तू मला म्हणाली असतीस असं वाटत होतं, ते सगळं. मला ते फार आवडलं होतं.

तुझं काम करायला आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याची बायको तयार झाली. शाळेत गाणं शिकवायची, आवाज गोड, उभं राहणं तुझ्यासारखं. तालमी पंचवटीतल्याच एका शाळेच्या वर्गात, संध्याकाळी. थंडीचे दिवस होते. एके दिवशी मी स्वेटर विसरले म्हणून नाना तो द्यायला आले आणि दारात थबकले. आत ती म्हणत होती, "अहो, ऐकलंत का, आज उशीर झाला तुम्हाला." नाना थोडा वेळ ऐकत राहिले. मग मला हळूच विचारलं, "ही कोण?"

"आई," मी म्हणाले.

"ही तर मास्तरीण हाय," नाना म्हणाले. सगळे हसले. नाना हसले नाहीत. "तशी ती तुझ्याशी बोलायची. माझ्याशी नाय."

"मग तुमच्याशी कशी बोलायची?"

ते लहान मुलांच्या बाकावर बसले. बाक इतका बुटका की त्यांचे गुडघे छातीशी आले. खाली बघून म्हणाले, "अहो-बिहो नव्हतं काही. चार माणसांत अहो. आमचं आम्ही असलो की, अरे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते लाजले होते. मी इतकी वर्षं त्याच खोलीत वाढले होते आणि मला हे माहीत नव्हतं. त्यांनी मग एकच वाक्य म्हणून दाखवलं, उशिरा आल्यावर तू जे म्हणायचीस ते: "कोठे व्हता रे? भूक लागनी का?" म्हणताना त्यांचा आवाज तुझ्यासारखा खाली गेला. ती गाणं शिकवणारी पुढे आली आणि म्हणाली, "काका, परत म्हणा ना. मी शिकते."

त्या दिवसापासून नाना रोज यायला लागले. दाढी करून, धुतलेला सदरा घालून. मी लिहिलेली नवरा-बायकोची सगळी वाक्यं एकेक करून पडली आणि त्यांच्या जागी तुमची आली. तू भांडताना काय म्हणायचीस, ते रुसले की त्यांच्या पाठीशी जाऊन कसं विचारायचीस, "रुसना का रे?" धर्मशाळेत कुणाचं तरुण पोर गेलेलं असलं की घरी येऊन तू नानांना ते सांगायचीस आणि रडायचीस, हेही मला तेव्हाच कळलं. मी समजत होते की तुला त्या कामाची सवय झालीय. आई, मी तुझ्यावर नाटक लिहायला बसले होते आणि मला अर्धी तूच ठाऊक होतीस. लाज वाटली असं म्हणणार नाही. भूक लागल्यासारखं वाटलं. रोज वाटायचं, आज नाना आणखी काय सांगतील?

मग एका तालमीनंतर ती गाणं शिकवणारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला काकांची भीती नाही वाटत गं, वाईट वाटतं. मी त्यांच्या बोलीत काही म्हटलं की ते पटकन वर बघतात. आणि मग मी दिसते त्यांना." ती पुढे म्हणाली, "रोज त्यांचं ते तोंड बघवत नाही मला." मी तिला काम सोडू नको, थांब म्हणाले. ती थांबलीही असती, पण त्याच महिन्यात तिच्या नवऱ्याची बदलीची ऑर्डर आली आणि ते दोघं गेले. प्रयोग तोंडावर आलेला. सगळी वाक्यं पाठ असलेली बाई मी एकटीच.

मी नानांना सांगितलं, तुझं काम मी करते. ते म्हणाले, "नको."

"का?"

"तिला आवडणार नाय. तिने तुला ते शिकवू दिलं नाय."

"शाळेसाठी ना? आता कुठे शाळा आहे?"

आपल्या त्या स्वयंपाकाच्या ओट्याशी मी भाकरी थापत होते, नाना पाटावर बसलेले. मग म्हणाले, "शाळेचं ती लोकांना सांगायची. एक खोली होती, पोरी. तू मोठी व्हायला लागली. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर बोलायचे कुठे? ती म्हणाली, एवढं तरी आपलं दोघांचं राहू दे." तव्यावरची भाकरी करपली. मी ती काढली, दुसरी टाकली. तुझ्यावर रागवावं की काय करावं, मला कळेना. मला हेवा वाटला, हे खरं. कुणाचा, ते सांगता येत नाही.

पण त्यांनी शिकवलं. आठवडाभर, त्याच ओट्याशी. मी पीठ मळायचे, ते वाक्य म्हणायचे, मी मागून म्हणायचे. "'शे' असा दाबायचा नाय. सोडून द्यायचा." मी पुन्हा म्हणायचे. "घाई नको." पुन्हा. कधी बरोबर आलं की ते मान हलवायचे आणि दुसरीकडे बघायचे. नाना त्या बोलीत माझ्याशी बोलताहेत, असं मला वाटायचं. खरं म्हणजे ते मला तुझी वाक्यं देत होते आणि मी ती त्यांना परत करत होते. तरी वाटायचं.

राहता राहिला शेवटचा प्रसंग. मी माझं ते लांबलचक बोलणं त्यांना म्हणून दाखवलं. ते संपेपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "छान लिहिलंय. पण असं झालं नाय."

"मला ठाऊक आहे. मी तिथे नव्हतेच." आणि मग, इतक्या दिवसांनी, तोंडातून गेलंच, "तुम्ही तरी कुठे होतात?"

त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला, प्यायले नाहीत. "मी बसलेलो होतो," ते म्हणाले. "उठणार नव्हतो. तिनेच सारखं घरी जा, घरी जा चालवलं. शेवटी चिडली. मला म्हणे, 'मी बरी शे. तू घर जाय. पोर एकली शे.'" तांब्या बाजूला सारून म्हणाले, "मी तिचं कधी ऐकायचो नाय. लय हट्टी होतो. त्या दिवशी ऐकलं."

मी हात पिठातच ठेवून उभी होते. नाना रडत नव्हते. मला वाटतं, ते वाक्य त्यांनी त्या दिवसापासून तोंडात धरून ठेवलं होतं आणि ते मला सांगायचं कोणत्या भाषेत, हा त्यांना प्रश्न होता. मी त्यांच्यासमोर खाली बसले. पिठाच्या हातांनीच त्यांचे हात धरले. तू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं मी. म्हातारे झाले होते.

प्रयोगाला सटाण्याहून मावशी आली, गावातल्या बायका घेऊन, जीप करून. एक अख्खी रांग त्यांचीच. नाट्यगृहात बाकी सगळीकडे शांतता आणि ती एक रांग खळखळून हसायची. तुझ्या साध्यासुध्या बोलण्याला हसायची; बाकीच्यांना ते कळतच नव्हतं. मी तुझी इंदुरी साडी नेसले होते, तुझ्यासारखा पदर खोचलेला. शेवटच्या प्रसंगात आता काहीच उरलेलं नव्हतं. एक खाट, स्टुलावर बसलेला नवरा, आणि तेवढंच बोलणं. नवऱ्याचं काम करणारा आमचा कॅशियर होता, पण मी त्याच्याकडे बघितलंच नाही. अंधारात नाना कुठे बसलेत ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "मी बरी शे. तू घर जाय." आणि मग पुढचं. आई, ते म्हणताना मी तू होते की ती घरी एकटी पडलेली मुलगी होते, मला आजही सांगता येत नाही. ते माझ्याबद्दलचं वाक्य होतं. मरताना तू माझी काळजी केलीस, ती माझ्याशी न बोलायच्या भाषेत केलीस, आणि ती मला माझ्याच तोंडातून ऐकू आली. कॅशियर उठला, चप्पल घातली, निघून गेला. पडदा. त्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला. मावशी होती.

आत येऊन तिने मला कवटाळलं. मग डोळे पुसत म्हणाली, "बोलणं तिचंच. पण तू घाई करतीस. ती अशी घाई नव्हती करत." आणि कानाशी लागून, "नवऱ्याला अरे-तुरे करायची ती? आम्हाला नाही कधी कळू दिलं!" नाना बाहेर रिक्षापाशी उभे होते. मला बघून त्यांनी फक्त स्वेटर पुढे केला.

बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांनी सांगितलं की भाव पोहोचला, भाषा पोहोचली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटत होतं की आता घरात ते बोलणं सुरू होईल. निदान थोडं. नाना आणि मी, दोघंच तर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून ओट्याशी गेले. नाना खिडकीशी बसले होते. मी मनात वाक्य जुळवून गेले होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "उठलीस? चहा टाकतेस का?" नीट, शाळेसारखं. जसं तू माझ्याशी बोलायचीस, तसं. मी म्हणाले, "टाकते." त्यानंतर ते सहा-सात वर्षं जगले. चांगले बोलायचे माझ्याशी. तुझ्या आठवणी सांगायचे, हसायचे, माझ्या लग्नात जावयाशी गप्पा मारत बसले. सटाण्याला जाऊन मावशीकडे महिना महिना राहायचे आणि तिथे म्हणे त्यांची टकळी थांबायची नाही. पण माझ्याशी ते तुमच्या बोलीत पुन्हा एकदाही बोलले नाहीत. मीही कधी मागितलं नाही. ते तुमचं होतं. नाटकापुरतं मला वापरायला दिलं होतं त्यांनी, असं मी समजले.

आता परवाचं. ती कॉलेजची मुलगी मालेगावकडची. त्यांना ती एकांकिका करायची आहे. माझ्याकडे बघून तिला इतका आनंद झाला की तिने एकदम अहिराणीतच बोलायला सुरुवात केली. भराभर, हात हलवत, तुझ्यासारखी मान वाकडी करून. काहीतरी विचारलं मला. मी हसले. तिने पुन्हा विचारलं. मला अर्धं कळलं, आणि उत्तर द्यायला गेले तर तोंडात तुझी वाक्यं आली. भूक लागनी का. रुसना का. दुसरं काही येईना. शेवटी मी तिला मराठीत सांगितलं की मला येत नाही. तिला ते खरं वाटलं नाही. "पण ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना?" ती म्हणाली. मी संहिता तिच्या हातात दिली, चहा दिला, आणि दार लावल्यावर बराच वेळ दाराशीच उभी राहिले.

हे पत्र मी तुझ्या बोलीत सुरू करायला बसले होते. 'माय' लिहिलं आणि पुढे गेलेच नाही, तो कागद बाजूला ठेवला. म्हणून हे असं, तू मला लावून दिलेल्या भाषेत. धाडायचं कुठे नाहीच आहे. पण तुझी आठवण येते, एवढं वाक्य तरी तुमच्यात कसं म्हणतात ते मला हवं होतं. नाटकात ते नव्हतं, तू कुणाला तसं कधी म्हणाली नसशील. परवाच्या त्या मुलीला विचारता आलं असतं. मावशीच्या सुनेला फोन केला तर ती लगेच सांगेल. सटाण्याच्या स्टँडवर कांद्याच्या गोण्यांपाशी बसलेली कुठलीही बाई सांगेल. मी विचारलेलं नाही. कुणाला म्हणायचंय, असं ती विचारेल, आणि मला ते सांगता यायचं नाही.